‘बनवाबनवी’तील बिऱ्हाड

सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट १९८८ साली प्रथम पडद्यावर आला, त्यास आता तीन तपांहून अधिक काळ लोटला आहे. वसंत सबनीसांची लेखणी आणि अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे प्रभृतींचा अभिनय ह्यांच्या बळावर त्याने मराठी घरांत जे स्थान मिळविले, ते त्यानंतरच्या फारच थोड्या मराठी चित्रपटांच्या वाट्यास आले असेल. आमच्या आदिलाबादेस चित्रगृहात मराठी चित्रपट लागणे ही दुर्मिळच गोष्ट. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि मागे उरलेला मराठी माणूस घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि कचेरीत प्रसंग पडेल ती भाषा बोलत राहिला. तरीही येथील मराठी घरांतील ज्या मुलांस मराठी पुस्तकाचे एक पान सलग वाचावयाचा कंटाळा येतो, तीच मुले ह्या चित्रपटाचे संवाद अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवितात. एखाद्या कलाकृतीस लोकांनी असे पाठ केले म्हणजे टीकाकाराचे काम अवघड होते. कारण जे पाठ झाले त्याच्या अर्थाकडे सहसा कोणी पाहत नाही.

ह्या चित्रपटाविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले, त्यातील बहुतेक भर पुरुषांनी घेतलेल्या स्त्रीवेषावर आहे. ते स्वाभाविकही आहे. बालगंधर्वांच्या रंगभूमीने ज्या समाजाची रसिकता घडविली आणि आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’ने ज्यास त्याच स्त्रीवेषाकडे पाहून पोट धरून हसावयास लावले, त्या समाजाने पार्वती व सुधा ह्या दोघींस त्याच परंपरेत बसवावे, हे ओघानेच आले. परंतु आमच्या मते वेषांतर हे ह्या चित्रपटाचे केवळ साधन आहे. त्याचा विषय बिऱ्हाड हा आहे. पैसे पुरत नाहीत म्हणून माणसाने मित्राच्या बिऱ्हाडी राहावयास जावे काय, आणि गेल्यास त्याचे मोल त्याने कोणत्या नाण्यात चुकवावे, हा प्रश्न चित्रपटाने आरंभीच उभा केला आहे. तो ज्या रीतीने उभा केला ती उत्तम आहे. ज्या रीतीने सोडविला तीविषयी आमचा मतभेद आहे.

प्रथम सरपोतदारांच्या घराकडे वळू. धनंजय माने हा पुण्यातील एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकरी करणारा तरुण. विश्वासराव सरपोतदार ह्या चिकट घरमालकाच्या घरी तो खोली घेऊन राहतो. तो मिळवता आहे, हुशार आहे, जिभेचा तर फारच तेज आहे. पण त्याच्या पायाखालची जमीन मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर टिकलेली आहे. अशा ह्या एकट्याच्या खोलीवर धाकटा भाऊ शंतनू, गळ्यात गाणे असलेला सुधीर आणि नाटकाच्या नादी लागलेला परशुराम अशा तिघांचा भार येऊन पडतो. बिऱ्हाडातील माणसे जसजशी वाढतात तसतसा मालकाचा संयम घटत जातो, आणि अखेर एका रात्रीच्या गोंधळानंतर सर्वांवरच बाहेर पडण्याची पाळी येते. हा भाग सबनीसांनी ज्या सफाईने लिहिला आहे, तीस मराठी विनोदी चित्रपटांत तोड नाही. ह्या सफाईमागे एक मर्म आहे. येथे यजमान हा स्वतःच पाहुणा आहे. जे आपले नाही ते मित्रांस वाटून देण्याचे औदार्य माने दाखवितो. त्याच्या मनाचा मोठेपणा व त्याच्या हक्काचा तोकडेपणा ह्यांत जी तफावत आहे, तीतून हा सारा विनोद निपजतो. सरपोतदाराच्या भूमिकेत सुधीर जोशी यांनी जो संशयी, कुरकुरणारा, पण अंतर्यामी भाबडा मालक उभा केला आहे, त्याच्या दृष्टीने विचार केला तर तो फारसा चुकतही नाही. एका माणसास दिलेल्या खोलीत चौघे नांदू लागल्यावर मालकाने हू की चू करू नये, अशी अपेक्षा आम्ही तरी आमच्या भाडेकरूकडून ऐकून घेतली नसती.

मधुमेहावरील औषध इस्तंबूलहून आणविण्यासाठी सरपोतदारांनी दिलेले सत्तर रुपये आणि त्या रुपयांच्या गतीविषयी मान्यांनी सांगितलेली वार्ता, हा प्रसंग तर सर्वांच्याच जिभेवर आहे. तो ऐकून हसला नाही असा माणूस आम्हांस अद्याप भेटलेला नाही. पण हसून झाल्यावर ध्यानात येते की, ह्या चित्रपटातील पैशाचा सर्वांत गाजलेला हिशेब तो हाच, आणि तो बुडित खात्याचा आहे. चौघांच्या बिऱ्हाडाचा हिशेब मात्र आपल्यापुढे कधीच येत नाही. किराणा कोण भरतो, दुधाचे पैसे कोण देतो, भाड्यातील कोणाचा वाटा किती, ह्याचा पडद्यावर उच्चार नाही. तसेच परशुराम मान्यांच्या शोधात दारात येऊन उभा राहतो तो प्रसंग घ्या. अमुक इसम ह्या घरी राहतो काय, असे घरमालकालाच विचारणे ही दिवाणी न्यायालयाच्या बेलिफाची नित्याची रीत. त्या प्रश्नाचे जे उत्तर मिळते, त्यावर पुढे अनेकांची घरे राहतात अथवा जातात. इतक्या भाबड्या मुखातून इतका धोक्याचा प्रश्न वदवून घेणे, ह्यास आम्ही लेखकाचे खरे कौशल्य म्हणतो.

येथे वाचकांनी वकिलाची सवय थोडी सहन करावी. मित्रांच्या बिऱ्हाडात हिशेब लिहिला का जात नाही, ह्याचे कारण केवळ स्नेहाचा संकोच हे नव्हे. ज्या पुण्यात ही कथा घडते, तेथे त्या काळी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा लागू होता. त्या कायद्याच्या तेराव्या कलमाने, भाडेकरूने जागा बेकायदा पोटभाड्याने दिली तर मालकास ताबा मागता येई. आता पोटभाडेकरू कोणास म्हणावे? न्यायालयांनी वेळोवेळी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा की, जागेचा अथवा तिच्या एखाद्या भागाचा स्वतंत्र ताबा दुसऱ्याच्या हाती गेला पाहिजे आणि त्यापोटी मोबदला मिळाला पाहिजे. मूळ भाडेकरू स्वतः त्याच जागेत राहत असून मित्र त्याच्याबरोबर पाहुणा म्हणून राहत असेल, तर तेवढ्याने पोटभाडे सिद्ध होत नाही. म्हणजे परशुराम मान्यांकडे फुकट राहिला तर तो पाहुणा. त्याने दरमहा आपला वाटा दिला आणि त्याची चिठ्ठी कोणी जपून ठेवली, तर ती चिठ्ठी मान्यांविरुद्ध पुरावा म्हणून दाखल होण्याचा संभव! १९७३ च्या दुरुस्तीने ‘पैसे देऊन राहणारा पाहुणा’ म्हणजे ज्यास आपण सरळ ‘पेइंग गेस्ट’ म्हणतो, त्याची व्याख्या कायद्यात आली. पण ती मालकाच्या राहत्या जागेतील पाहुण्याची होती आणि त्यास कायद्याचे संरक्षण नव्हते. माने हे स्वतःच अशा पाहुण्यांत मोडत असतील तर प्रश्नच मिटला. मग सरपोतदारांस दाव्याची खटपट करण्याचेही कारण उरत नाही. एवढे मात्र खरे की, अर्धशतकभर मुंबई-पुण्यातील असंख्य मित्रांनी एकमेकांच्या खोल्यांत राहून एकमेकांस पैसे दिले आणि ते कोठेही लिहून ठेवले नाहीत. कायद्यानेच त्यांस हिशेबाचे भय घातले होते. ह्या दृष्टीने पाहता चित्रपटात हिशेब दिसत नाही, हे त्याच्या काळाशी इमान राखणारेच म्हटले पाहिजे.

पण हिशेब लिहिला नाही म्हणून देणे चुकते असे नाही. आमच्या मते ह्या चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट येथेच आहे, आणि तिच्याकडे आजवर जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले दिसत नाही. सरपोतदारांचे घर सुटल्यावर लीलाबाई काळभोरांच्या घरी जागा असल्याचे कळते. अट एवढीच की भाडेकरू विवाहित जोडपी असावीत. तेव्हा चौघांपैकी दोघांनी साडी नेसणे प्राप्त होते. कोण नेसतात? नोकरी असलेला, पहिल्या खोलीचा धनी असलेला धनंजय नेसत नाही. त्याचा सख्खा भाऊ शंतनूही नेसत नाही. साडी नेसतात ते सुधीर आणि परशुराम. म्हणजे नेमके ते दोघे, जे केवळ स्नेहाच्या नात्याने ह्या बिऱ्हाडात आले आहेत. अंगकाठी, चेहरेपट्टी, नाटकाचा सराव अशी कारणे कोणी सांगू शकेल, आणि ती खोटीही नाहीत. परंतु परिणाम पाहिला तर बिऱ्हाडाच्या भाड्यातील पाहुण्यांचा वाटा त्यांनी असा चुकविला आहे. ज्याच्या नावावर जागा त्याने ठरवावे, आणि ज्यास जागेची गरज त्याने सोसावे! मित्राच्या घरी पैशावाचून राहिलेल्या कोणत्याही माणसाने आपल्या मनाशी प्रामाणिकपणे विचार करावा. साडी नेसावी लागत नाही हे खरे. पण यजमानाच्या विनोदास जरा अधिक हसावे लागते, त्याच्या आवडीची भाजी आपल्याही आवडीची होते, रात्री दिवा कधी मालवावयाचा हे त्याच्या झोपेवरून ठरते. सुधा व पार्वती ही ह्या न बोललेल्या देण्याची रूपे आहेत.

लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांचे मोठेपण आम्हांस येथे दिसते. सचिन यांची सुधा देखणी आहे, नेटकी आहे. ती साडीत सुखाने वावरते. बेर्डे यांची पार्वती मात्र क्षणोक्षणी साडीशी झगडत असते. तिच्या पदराखालून परशुराम सतत डोकावतो, आणि त्याच्या मुद्रेवर जो एक केविलवाणा, अडकून पडल्याचा भाव आहे तो कितीही हसू आले तरी पुसला जात नाही. पार्वतीस दिवस गेल्याचे सोंग जेव्हा करावे लागते आणि बायकांच्या घोळक्यात तिचे डोहाळे पुरविण्याचे गाणे रंगते, तेव्हा तर हे देणे परमावधीस पोहोचते. मित्राच्या छपरासाठी माणसाने आपले नाव द्यावे, कपडे द्यावे, आवाज द्यावा आणि अखेर नसलेले मूलही द्यावे! आम्ही हे गाणे अनेक वेळा पाहिले. प्रत्येक वेळी हसतोच; तथापि २००४ साली अकाली गेलेल्या ह्या नटाच्या त्या ओशाळ्या डोळ्यांकडे आता आमचे लक्ष अधिक जाते.

धनंजयाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. अशोक सराफ यांनी हा यजमान असा रंगविला आहे की, तो मित्रांस ओझे म्हणून वागवितो असे एका क्षणीही वाटत नाही. तो रागावतो, डाफरतो, कपाळाला हात लावतो. पण ‘तुम्ही आलात म्हणून माझी खोली गेली’ हे वाक्य त्याच्या वागण्यात कोठे उमटत नाही. उलट ह्या सोंगाची किंमत त्यासही मोजावी लागते. कारण ज्या माधुरीच्या दुकानात तो नोकरी करतो तीच त्याच्यावर अनुरक्त होते, आणि पार्वती नावाची पत्नी घरी बसलेली! यजमानाचेही काही जाते, हे दाखविण्याइतका समतोल सबनीसांनी राखला आहे.

आमचा आक्षेप लीलाबाईंविषयी आहे. चौघांच्या देण्याघेण्यात ही पाचवी व्यक्ती विनाकारण भरडली जाते. वय झालेली, माणसांस भुकेलेली ही स्त्री विवाहित जोडप्यांची अट घालते ती एकट्या बाईच्या घरी चार सडे तरुण नकोत म्हणून. आणि आमच्या समाजात कोणत्या घरमालकिणीने ही अट घातली नसती? त्या अटीस चित्रपट हसतो, ती अट मोडणाऱ्यांच्या बाजूने आपल्यास उभे करतो, आणि पार्वतीच्या बाळासाठी लीलाबाईंनी केलेले कौतुक हेही हास्याचेच साहित्य करतो. शेवटी बिंग फुटते तेव्हा त्यांच्या मनास काय वाटले, ह्यास लेखकाने पुरेसा अवकाश दिलेला नाही. त्या क्षमा करतात आणि पडदा पडतो. फसविलेल्या माणसाने क्षमा केली म्हणजे फसवणूक सुसह्य होते, हा सुखान्त नाटकांचा जुना करार आहे. पण सरपोतदारांस ज्याने जिवंत मनुष्य केले, त्या लेखकाकडून लीलाबाईंच्या वाट्यास अधिक यावयास हवे होते. कित्येक वाचक म्हणतील, प्रहसनास एवढे काटेकोर माप कशाला? त्यांस आम्ही एवढेच विचारू की, पहिल्या अर्ध्या भागात माप काटेकोर होते म्हणूनच आपण इतके हसलो ना?

हे कथानक मुळात बाहेरून आलेले आहे, हे जाणकारांस ठाऊक असेलच. हृषीकेश मुखर्जी यांचा ‘बीवी और मकान’ हा हिंदी चित्रपट १९६६ चा. त्याच्याही मागे ‘जय मा काली बोर्डिंग’ हा १९५५ चा बंगाली चित्रपट आहे. कलकत्ता, मुंबई, पुणे अशी ही कथा फिरत आली आणि जेथे गेली तेथे तीस घर मिळाले, ह्याचे कारण त्या तिन्ही शहरांत एकट्या पुरुषास खोली मिळणे सारखेच दुर्घट होते. सबनीसांनी ती मराठी केली ती नुसती नावे बदलून नव्हे. सरपोतदारांची पुणेरी कंजुषी आणि डोहाळजेवणाची रीत ही त्यांनी आमच्या मातीतून घेतली. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्यास लोकव्यवहाराचा कान होता, त्याचा हा प्रत्यय. ह्याच विषयाची दुसरी, गंभीर बाजू ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी भीमसेन यांचा १९७७ चा ‘घरौंदा’ पाहावा. त्यातील नायकही मित्रांबरोबर एका खोलीत राहतो. पण तेथे माणसे रुपया रुपया मोजतात, साठवितात, आणि बांधकाम करणारा ते घेऊन नाहीसा होतो. एका चित्रपटात हिशेब नाही म्हणून हसू आहे, दुसऱ्यात हिशेब आहे म्हणून अश्रू आहेत. मात्र हिशेबाने सुख होते असे दाखविणारा चित्रपट आम्हांस आठवत नाही.

आणि तरीही असे घडलेले आहे, व ते ह्या मासिकाच्या वाचकांच्या घरचेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कानडा जिल्ह्यांतून नोकरीसाठी मुंबईस गेलेले चित्रापूर सारस्वत तरुण प्रथम कोठे उतरत? आधी गेलेल्या नातलगाच्या अथवा गाववाल्याच्या खोलीत. एकाच्या बिऱ्हाडावर दुसऱ्याचा भार, दुसऱ्यावर तिसऱ्याचा. थोडक्यात, घरोघर एकेक धनंजय माने. ह्या अडचणीस श्रीपाद सुब्राव तल्मकी यांनी साडीचा उपाय काढला नाही. त्यांनी नोंदणीचा उपाय काढला. १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था, जी आज बँक आहे, आणि १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था. आशिया खंडातील आद्य गृहसंस्थांत तिची गणना होते. तीतील तत्त्व असे की, जागेची मालकी संस्थेची, संस्था सभासदांची, आणि सभासदाने राहत्या जागेचे भाडे त्या संस्थेसच द्यावयाचे. म्हणजे भाडेकरू व मालक एकच. ना कोणी पाहुणा, ना कोणी यजमान. स्नेह व ज्ञातिबंध ह्यांनी जे ओझे एकेका घरावर टाकले होते ते त्यांनी वहीत उतरविले, आणि वहीत उतरल्यावर ते ओझे राहिले नाही. गोव्यातील ख्रिस्ती बांधवांनीही मुंबईत गावागावांच्या ‘कुडी’ काढून हेच साधले. बोटीवर जाणारा खलाशी तेथे अल्प खर्चात उतरे, पेटी ठेवी, आणि नियम पाळी. आमच्या मंगेशी, कवळे येथील देवस्थानांच्या अग्रशाळांत उतरलेल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. अग्रशाळेत महाजन असो की यात्रेकरू असो, त्याची खोली ठरलेली, दिवस ठरलेले, नाव वहीत लिहिलेले. म्हणून तेथे राहणाऱ्यास ओशाळे वाटत नाही. पुण्यात वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्याची व्यवस्थाही पाहा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. उपकार होताच, पण तो सात घरांत वाटलेला होता आणि त्यास वार नेमून दिलेला होता. कोंकणीत ‘सोयरो’ म्हणजे पाहुणा आणि मराठीत ‘सोयरा’ म्हणजे नातलग. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ ज्या समाजात नांदतात, त्या समाजास पाहुणा कोठे संपतो व घरचा माणूस कोठे सुरू होतो हे ठरविण्यासाठी काही ना काही वही लागलीच.

चित्रपटाच्या जगात ही तिसरी वाट नाही. तेथे एक तर मित्राच्या उपकारावर राहावयाचे, नाही तर साडी नेसावयाची. त्याहून एक विलक्षण गोष्ट अशी की, अखेरीस माधुरी, मनीषा, सुषमा आणि कमळी ह्या चौघींशी चौघांच्या गाठी जुळतात, आणि लीलाबाईंची जी अट आरंभी खोटेपणाने पुरी केली होती ती शेवटी खरेपणाने पुरी होते. अट घालणारी जिंकली, असेच म्हणावे लागेल. चार अविवाहित मित्रांस त्यांच्या खऱ्या नावांनी जागा मिळावी, ही मागणी चित्रपट मागे सोडून देतो. पुण्यात आजही भिंतीभिंतींवर ‘कॉट बेसिस’वर जागा मिळण्याच्या पाट्या दिसतात, तेथे खाटेपुरते तरी नाव खरे लागते, ही सोय ज्या कोणी काढली त्याने सबनीसांच्या पात्रांचे फार श्रम वाचविले.

हे सर्व आम्ही एवढ्या विस्ताराने लिहितो त्यास कारण आहे. आदिलाबादेहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास आणि हैदराबाद तीनशेच्या. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, कचेऱ्या वाढल्या. पण शिक्षणाची व नोकरीची वाट अद्याप ह्या दोन शहरांकडेच जाते. कापसाच्या एका हंगामाचे पैसे हाती आले म्हणजे घरोघर एकच खल सुरू होतो: मुलाने हैदराबादेत दिलसुखनगर किंवा अमीरपेठेतील वसतिगृहात पैसे भरून राहावे, की आधीच तेथे खोली घेऊन असलेल्या मित्राकडे जावे? खर्च निम्म्याने वाचतो. आणि त्या मुलाच्या डोक्यात मित्राकडे राहण्याचे जे चित्र असते, ते बहुतेक वेळा ह्या चित्रपटाने काढलेले असते. मित्र म्हटला की पैशाची भाषा नको, जमेल तसे करू, हसतखेळत दिवस जातील. आमच्या वकिलीच्या अनुभवात भाऊबंदकीच्या खालोखाल कटुता आम्ही कोठे पाहिली असेल, तर ती अशा ‘जमेल तसे’ राहिलेल्या मित्रांत.

गेल्या वर्षी एक पक्षकार दुसऱ्याच कामासाठी आले असता जाताजाता म्हणाले, “वकीलसाहेब, धाकट्याला त्याच्या दोस्ताकडं हैदराबादेला ठेवावं म्हणतो. भाडं वाचंल. तुम्हांला काय वाटतं?” मुलगा शेजारीच उभा होता. आम्ही त्यास विचारले, जागा कोणाच्या नावावर आहे? मित्राच्या. मालकास कळविले आहे काय? नाही. तेव्हा १९६० चा जो भाडेनियंत्रण कायदा आंध्र प्रदेशातून तेलंगणाकडे आला आहे, त्यात मालकाच्या लेखी संमतीवाचून जागेचा कोणताही भाग पोटभाड्याने दिल्यास मूळ भाडेकरूस घराबाहेर काढता येते, हे आम्ही त्यास समजावून दिले. म्हणजे ह्याच्या बचतीची जोखीम मित्राच्या शिरावर! नदीपलीकडे महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आला, २००० च्या मार्चअखेर तो अमलात आला, आणि त्याने भाड्याचा व परवानगीचा करार लेखी व नोंदणीकृत असावा असे ठरविले. त्यामुळे तेथे एकाच करारात दोघांची नावे घालून घेणे आता रूढ होत चालले आहे, आणि मान्यांच्या काळचे हिशेबाचे भय बरेच ओसरले आहे. तसेच येथेही करावे, मालकाची चिठ्ठी घ्यावी, भाड्याचा वाटा, अनामतीचा वाटा आणि सोडून जावयाचे झाल्यास महिनाभर आधी सांगण्याची बोली एका कागदावर लिहावी, असे आम्ही सुचविले व तो कागद तेथेच लिहून दिला.

मुलाने तो घडी घालून खिशात ठेवला. पण त्याचा चेहरा उतरला होता. “काका, हे त्याला दाखवू कसं? तो म्हणेल, माझ्यावर विश्वास नाही का?” त्यास आम्ही म्हणालो, “बाळ, कागद प्रथम वडिलांनी पाठविला म्हणून सांग. वडिलांच्या नावावर पुष्कळ गोष्टी खपतात.” दिवाळीस तो परत आला तेव्हा भेटावयास आला होता. मित्राने कागद वाचला होता, सही केली होती, आणि आपणही हेच बोलणार होतो पण तोंड उघडत नव्हते, असे म्हणून विजेच्या बिलाची एक ओळ स्वतःच्या हाताने खाली वाढविली होती.